अस्पायर घ्यावी की जॅझ?

बॉनेट उघडून : वाचकांचे प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.
मी मुलुंड पूर्वेला राहते, नोकरी ऐरोलीला. आजवर बसनं निभावलं. पण सासूबाईंचे गुडघे आता फार धरतात. महिन्यातून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागतं आणि रिक्षात चढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणून घरातली पहिली गाडी घेतोय, जुनीच. सव्वाचार लाखांपुढे जाता येणार नाही. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक २०१६ ची फोर्ड अस्पायर पेट्रोल. ठाण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी नवी घेतलेली, ४८,००० किलोमीटर झालेत, तीन लाख दहा हजार सांगतात. दुसरी त्याच वर्षीची होंडा जॅझ पेट्रोल, व्ही मॉडेल, ७१,००० किलोमीटर. दुसऱ्या मालकाकडून एजंटमार्फत, चार लाख वीस हजार. आमचे हे म्हणतात, अमेरिकन गाडीचा पत्रा जाड, जपानी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. ऑफिसात म्हणतात, जी कंपनी देश सोडून गेली तिची गाडी दारात आणू नका. गणपतीला आणि शिमग्याला चिपळूणला जाणं होतं. काय करावं?
— सौ. स. पा., मुलुंड

सौ. स. पा., सासूबाईंपासूनच सुरुवात करू. त्यांच्यासाठी गाडी घेताय आणि दोन्ही गाड्या बघायला त्या आल्या नव्हत्या, असं पत्रावरून वाटतं. त्यांना न्या. मागचं दार पूर्ण उघडून बसायला सांगा, उतरायला सांगा, असं तीनदा करा. तिसऱ्या वेळेला गुडघा खरं काय ते सांगतो. दोन्ही गाड्यांच्या उंचीत दोनेक सेंटिमीटरचाच फरक आहे, त्यामुळे कागदावरून काही कळायचं नाही. दाराची चौकट, सीटची कड आणि पाय बाहेर काढायला मिळणारी जागा यांवर सगळं ठरतं.

जॅझमध्ये एक गोष्ट मात्र मुद्दाम बघा. मागच्या सीटचा बसायचा भाग नाट्यगृहातल्या खुर्चीसारखा वर उचलून पाठीला टेकवता येतो. त्या वर्षीच्या सगळ्याच जॅझना ही सोय नव्हती, तुमच्या गाडीला आहे ना ते उचलून बघा. पुढे काही वर्षांनी कंपनीनं ती काढून टाकली. सीट उचलली की सासूबाईंचा वॉकर घडी न घालता उभाच्या उभा आत राहतो. हे जमलं कारण होंडानं पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालून काढून पुढच्या सीटांखाली नेली. गाडी पहिल्यांदा लिफ्टवर घेतली तेव्हा टाकी कुठे दिसेना म्हणून मी खाली वाकून शोधत होते. बाहेरून चार मीटरच्या आत ठेवून आत माणसाला जागा करायची, तर असा विचार करावा लागतो. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

हा विचार जपान्यांच्या अंगवळणी पडलाय, त्याला त्यांचं घर कारण आहे. तिथे १९६२ पासून कायदा आहे की गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दाखवल्याशिवाय गाडी नोंदवून मिळत नाही. शिवाय ४.७ मीटर लांबी, १.७ मीटर रुंदी आणि दोन लिटरचं इंजिन यांच्या आत राहिलं तर गाडी लहान वर्गात बसते. त्यामुळे लहान गाडी हे तिथल्या इंजिनिअरचं मुख्य काम. अमेरिकेत रस्ते रुंद, पेट्रोल स्वस्त. तिथे लहान गाडी बहुतेकदा अडचणीच्या काळातच आठवली. १९७३ ला तेलाचे भाव भडकले आणि लोक छोट्या जपानी गाड्यांकडे वळले, तेव्हा तिथल्या कंपन्यांना घाई झाली. माझे वडील कुर्ल्याच्या मोटारीच्या कारखान्यात फिटर होते. त्या कारखान्यात फियाटच्या आधी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जायच्या. त्याहीआधी, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सनं आपल्या शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला होता. म्हणजे मुंबईला अमेरिकन गाडी नवी नाही. वडील सांगायचे, डॉजच्या इंजिनावर काम करताना दोन्ही हात कोपरापर्यंत आत जायचे, इतकी मोकळी जागा. हात खरचटायचा नाही. पण ती गाडी लालबागच्या गल्लीत वळवायची म्हणजे दोन माणसं खाली उतरायची.

आता पत्र्याचं. मिस्टरांना वाईट वाटू देऊ नका, हा समज फार जणांचा आहे. दार लावल्यावर 'धप्प' असा जड आवाज आला की गाडी मजबूत वाटते. तो आवाज दाराच्या रबराचा आणि कुलपाचा असतो. अपघातात माणूस वाचतो तो आतल्या पिंजऱ्यानं, सीटबेल्टनं आणि एअरबॅगनं. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आपटवून बघते, तिच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी अस्पायरला तीन तारे मिळाले आणि २०२० मध्ये जॅझला चार. म्हणजे डबा ठरवलेली गाडी एका ताऱ्यानं पुढे. पण अस्पायरच्या बाजूनंही एक सांगते. तिच्या सगळ्यात वरच्या टायटॅनियम प्लस मॉडेलला तेव्हा सहा एअरबॅग होत्या, आणि त्या किमतीत दुसरं कुणी सहा देत नव्हतं. ठाण्याची गाडी कुठल्या मॉडेलची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. दारालगतच्या खांबावर आणि सीटच्या बाजूला एअरबॅगचं चिन्ह आहे का बघून या.

आणि फोर्ड चालवायला चांगली, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. पावसात परशुराम घाट उतरताना अस्पायर वळणावर ज्या विश्वासानं बसते, तसा विश्वास जॅझचं स्टिअरिंग देत नाही. मिस्टरांनी ती चालवून बघितली असेल आणि त्यांचं मन तिथे अडकलं असेल, तर त्यात त्यांची चूक नाही.

ऑफिसातल्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फोर्डनं ९ सप्टेंबर २०२१ ला भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. अस्पायर जिथे बनायची तो साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. पण सर्व्हिस आणि पार्ट देणं कंपनीनं चालू ठेवलं. फिल्टर, ब्रेकपॅड, क्लचप्लेट, शॉकअप, लोअर आर्म, हे सगळं मला आजही मिळतं. जीव टांगणीला लागतो तो बंपर, हेडलाइट, दाराचा आतला भाग आणि लहानमोठ्या कंट्रोल युनिटांसाठी. तुमची रोजची ऐरोली आहे. पुलावर मागून कुणी ठोकलं आणि बंपर यायला महिना लागला, तर तो महिना सासूबाई परत रिक्षात.

जॅझही २०२३ ला बंद झाली, हे ऑफिसात कुणी सांगितलं नसेल. फरक इतकाच की तिचं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन ज्या घराण्यातलं आहे, तेच आजच्या नव्या अमेझमध्ये बसतं. त्यामुळे इंजिनाच्या पार्टची काळजी बरीच वर्षं नाही. शिवाय २००९ पासूनच्या आपल्या गाड्यांचे रबर-पाइप वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतात, असं होंडानं २०२५ मध्ये जाहीर केलं. पंपावर आता तेच पेट्रोल मिळतंय, म्हणून हा मुद्दा लहान समजू नका. अस्पायर घेतलीत तर पेट्रोलचे रबरी पाइप मेकॅनिककडून हातानं दाबून तपासून घ्या. चिरा दिसल्या तर लगेच बदला.

इंजिनात आणखी एक मोठा फरक आहे. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करायला जॅझला टायमिंग चेन आहे, अस्पायरच्या त्या १.२ ला टायमिंग बेल्ट. चेन वेळेवर ऑइल बदललं तर गाडीभर टिकते. बेल्ट रबराचा, तो किलोमीटरनं झिजतो तसा वर्षांनीही सुकतो. ठाण्याच्या गृहस्थांनी गाडी कमी चालवली, आनंद आहे, पण बेल्टला वय झालंच. चालत्या गाडीत तो तुटला तर पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला आदळतात आणि हेड उतरवावं लागतं. मी असं हेड उतरवलंय. व्हॉल्व्ह वाकलेले, एकेक काढून टेबलावर ओळीनं ठेवले तेव्हा मालक काही बोललेच नाहीत. गृहस्थांना नम्रपणे विचारा, 'काका, बेल्ट बदलल्याचं बिल आहे का?' बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

इथवर वाचून तुम्ही जॅझकडे झुकला असाल, म्हणून आता माझी स्वतःची गोष्ट सांगते.

२००६ च्या उन्हाळ्यात मी माझी पहिली गाडी घेतली. जपानी कंपनीची सेडान, उपनगरातल्या एका एजंटकडून. गॅरेजात वाढलेली मुलगी मी, इंजिन ऐकलं, ऑइलची पट्टी ओढून बघितली, चार चाकं फिरवली, आणि जपानी आहे म्हणजे पुढचं बघायला नको असं मनाशी ठरवून पैसे मोजले. पहिल्या पावसात दारांची कुलपं आपोआप उघडबंद व्हायला लागली. मग एका रात्री सायनच्या सिग्नलला सगळे दिवे विझले. टोचन करून गॅरेजात आणली. वडिलांनी काही न बोलता ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले, ओढत राहिले, शेवटापर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर खाकी रंगाची आडवी रेघ होती आणि तिच्याखाली सुकलेला बारीक गाळ. गाडी आदल्या वर्षीच्या २६ जुलैच्या पाण्यात बुडालेली होती. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि कलिना-कुर्ल्याच्या कितीतरी गाड्या रात्रभर पाण्याखाली होत्या. एजंटनं सीटकव्हर बदललं होतं, कार्पेट धुतलं होतं, इंजिन चकाचक केलं होतं. बेल्ट शेवटपर्यंत कोण ओढतो?

तुम्ही ओढा. चारही बेल्ट. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तिच्या खळग्यात बोट फिरवा, कोपऱ्यात माती राहतेच. पुढच्या सीटखाली मोबाइलचा दिवा मारून रुळाचे नट बघा. वरून चकचकीत आणि नट गंजलेले, तर संशय घ्या. फ्यूजबॉक्सचं झाकण उघडून पितळी पायांवर हिरवट बुरशी आहे का ते पाहा. एजंट घाई करत असेल तर त्या दिवशी तसंच घरी या.

तर माझं मत असं. घरात एकच गाडी, ओळखीचा मेकॅनिक नाही, ती रोज ऐरोलीला धावणार आणि सासूबाईंचा भार तिच्यावर. तुम्ही जॅझ घ्या, पण तीच जॅझ नव्हे. दुसरा मालक, एजंट आणि सर्व्हिसच्या नोंदींचा पत्रात उल्लेख नाही. आधी होंडाच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी मिळतात का बघा आणि सदोष एअरबॅग बदलून देण्यासाठी कंपनीनं काढलेली परतबोलावणी त्या गाडीला लागू आहे का हेही विचारा. सीटबेल्ट, स्टेपनी, फ्यूजबॉक्स सगळं स्वच्छ निघालं तर चार लाखांच्या आत बोलणी करा. स्वच्छ नाही निघालं तर महिनाभर थांबून दुसरी जॅझ शोधा. तीही जमली नाही, तर ठाण्याच्या काकांची अस्पायर, टायमिंग बेल्ट बदलून, पावणेतीन लाखांच्या आत. एकाच माणसाच्या हातातली, बिलांसकट ठेवलेली अस्पायर ही अंधारातल्या जॅझपेक्षा शंभर पटींनी बरी. सामानाची चिंता करू नका. डिकी एकीची ३५४ लिटर, दुसरीची ३५९. गणपतीचं सामान दोन्हींत सारखंच मावेल.

ताई, माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात नोकरीला लागली आहे. थंडीत बसची फार पंचाईत होते. पंधरा हजार डॉलरपर्यंत जुनी गाडी घ्यायची आहे. मैत्रिणी कोरोला किंवा सिव्हिक सांगतात. पण तेवढ्याच पैशांत शेवरले मालिबू मोठी आणि कमी जुनी मिळते. अमेरिकेत राहून अमेरिकन गाडी घेणंच सोयीचं नाही का?
— अ. गो., विलेपार्ले

अ. गो., वरच्या पत्राचं उत्तर वाचलं असेल तर तुमच्या लक्षात येईल की तुमचा मुद्दा मी तिथे उलट्या बाजूनं मांडलाय. अमेरिकेत मालिबूचे पार्ट गावोगाव मिळणार, मेकॅनिक मिळणार, आपल्यासारखी बंपरसाठी वाट बघावी लागणार नाही. पण तिथली 'जपानी' गाडीही परकी राहिलेली नाही. होंडानं १९८२ च्या नोव्हेंबरात ओहायोतल्याच मेरिसव्हिलला अकॉर्ड बनवायला सुरुवात केली. मुलीच्या कोलंबसपासून ते गाव तासाभराच्या आत आहे. टोयोटाची कॅमरी १९८८ पासून शेजारच्या केंटकीत बनते. उलट फोर्डची फ्यूजन मेक्सिकोत बनत होती. गाडीचा सतरा अक्षरी चासी नंबर बघायला सांगा. पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर ती अमेरिकेत बनली, ३ असेल तर मेक्सिकोत, इंग्रजी जे असेल तर जपानात.

अमेरिकन कंपन्यांनी तिथे या वर्गातून जवळजवळ काढता पाय घेतलाय, हेही तिला माहीत असू द्या. फोर्डनं २०१८ मध्ये सेडान बंद करायचं जाहीर केलं, फ्यूजन २०२० ला संपली, शेवरले क्रूझ २०१९ ला, आणि मालिबू २०२४ च्या नोव्हेंबरात. म्हणून मालिबू स्वस्त मिळते. पार्ट मिळतील, पण विकायला जाल तेव्हा किंमत पडलेली असेल. ती पाच-सहा वर्षं तिथेच राहून गाडी वापरून संपवणार असेल तर मालिबू वाईट नाही. दोन वर्षांत दुसऱ्या शहरात जायची शक्यता असेल तर कोरोला. मी पैज लावून सांगते, विकताना तिला हायसं वाटेल.

तिथल्या शब्दानं फसू नका. कोरोलाला ते 'कॉम्पॅक्ट' म्हणतात, कारण तिथे वर्ग आतल्या जागेवरून ठरतो. ती ४.६३ मीटर लांब आहे. आपल्याकडे चार मीटरच्या आतली ती लहान गाडी, आणि हीच कोरोला इथे साहेबांची गाडी म्हणून विकली गेली. एकट्या मुलीला ती भरपूर मोठी आहे.

दोन गाड्यांपासून तिला लांब ठेवा. २०१२ ते २०१६ ची ऑटोमॅटिक फोर्ड फोकस, तिच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या. आणि २०१३ ते २०१६ ची निसान अल्टिमा, तिच्या सीव्हीटी गिअरबॉक्सचंही तेच झालं. म्हणजे एक अमेरिकन, एक जपानी. तिसरी काळजी मिठाची. बर्फ वितळावा म्हणून तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटाला लागून पत्रा खातं. आपल्याकडे वरळी सी-फेसवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं पोट कसं होतं ते मी बघते, तिथे चार महिने तेच चालतं. पैसे देण्याआधी कुठल्याही स्वतंत्र मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि ब्रेकचे लोखंडी पाइप, सस्पेन्शनचे सांधे, सायलेन्सरचे जोड बघून घ्या. फार स्वस्त गाडी दिसली तर तिच्या कागदावर 'सॅल्व्हेज', म्हणजे मोठ्या नुकसानीमुळे मोडीत काढलेली, असा शिक्का नाही ना, तेही. महामार्ग सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकला की एअरबॅगचं काम बाकी आहे का ते फुकट कळतं. ते तिनं त्याच दिवशी करावं.

२०१२ ची शेवरले बीट डिझेल आहे, ८६,००० किलोमीटर. कंपनी गेल्यापासून घरचे विका म्हणतात. भंगारवाला पन्नास हजार देतो. गाडीत दोष काही नाही. विकू का?
— र. जा., भांडुप

र. जा., विकू नका. शेवरलेनं २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, त्याला आता बरीच वर्षं झाली आणि तुमची गाडी चालतेय. तिचं ९३६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन फियाटच्या १.३ मल्टीजेटवरून बेतलेलं आहे. तेच १.३ इंजिन आपल्या स्विफ्ट डिझेलमध्येही होतं. त्यामुळे हे इंजिन उघडायला घाबरणारा मेकॅनिक मुंबईत सापडणं कठीण. आरसी २०२७ पर्यंत आहे. तोवर ऑइल आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदला, क्लच जड झाला तर पुढे ढकलू नका, आणि पुन्हा पासिंग करायचं की नाही ते तेव्हा पत्रा बघून ठरवा.

एक काम मात्र या महिन्यातच करा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टच्या दुकानांत सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत. हेडलाइटची जोडी, डावा आरसा आणि पुढचा बंपर, तुमच्याच वर्षाच्या गाडीचे बघून घ्या. हेडलाइट घेताना मागचे प्लॅस्टिकचे तिन्ही कान शाबूत आहेत ना, बोटानं हलवून बघा. तुटलेला कान गोंदानं चिकटवून देतात आणि घाटात पहिल्याच खड्ड्याला दिवा आत पडतो. घरी आणून जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा.